राइश वाचायचा तर आधी कुठलं पुस्तक?

मनोविश्लेषक विल्हेल्म राइशच्या नादी लागलेल्या माणसाची पहिली अडचण म्हणजे राइश दोन आहेत. एक, १९२० साली मेडिकलला असतानाच फ्रॉइडच्या व्हिएन्नातल्या मंडळात शिरलेला हुशार पोरगा. दुसरा, लाकूड-पत्र्याच्या पेटीत माणसं बसवून ‘ऑर्गोन’ नावाची शक्ती गोळा करू पाहणारा, कोर्टाची बंदी मोडली म्हणून शिक्षा होऊन १९५७ साली अमेरिकेतल्या तुरुंगात वारलेला. यातला पहिला गाठायचा असेल तर हाताशी दोन पुस्तकं आहेत, दोन्ही १९३३ ची: ‘कॅरेक्टर अ‍ॅनालिसिस’ आणि ‘मास सायकॉलॉजी ऑफ फॅसिझम’.

माझं मत सरळ पहिल्याला. व्हिएन्नात राइश तरुण विश्लेषकांचा वर्ग चालवायचा, तिथे फसलेल्या केसेसची चिरफाड व्हायची. पुस्तक त्यातूनच आलं. मुद्दा असा, की रुग्ण काय सांगतो त्याआधी तो कसा सांगतो ते बघा. अतिनम्र हसू, एकसुरी आवाज, ‘डॉक्टर म्हणतील तसं’ हा गोडवा, हेच त्याचं चिलखत. ते न भेदता स्वप्नांचे अर्थ सांगत बसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एका प्रकरणातला रुग्ण हट्टी पोरासारखा हातपाय झाडत ओरडायचा. राइशने काय करावं? स्वतः जमिनीवर पडून त्याची हुबेहूब नक्कल केली. रुग्ण आधी चक्रावला, मग एक दिवस मोकळेपणाने हसला. असं लिहायला धाडस लागतं. याच प्रकरणात फ्रॉइडच्या मृत्युप्रेरणेवर, म्हणजे माणसात विनाशाकडे ओढणारी उपजत प्रेरणा असते या कल्पनेवर, थेट वार आहे, आणि पुढे फ्रॉइडच्याच प्रकाशनसंस्थेने अंग काढून घेतल्यावर पुस्तक राइशला स्वखर्चाने छापावं लागलं.

मात्र १९४९ ची वाढवलेली आवृत्ती हाती आली, तर शेवटच्या भागाशी थांबा. तिथे ऑर्गोन आत शिरलेला आहे.

तुम्ही राजकारणाच्या वाटेने येत असाल तर दुसरं घ्या. भुकेला माणूस चोरी का करतो यापेक्षा बहुतेक भुकेले ती का करत नाहीत, हा त्यातला प्रश्न आजही टोचतो. बापाच्या धाकातलं घर आज्ञाधारक प्रजा घडवतं, हे उत्तरही वजनदार. पण पुढे सगळ्याच कुलपांना लैंगिक दमनाची एकच किल्ली. स्वस्तिकावरच्या प्रकरणात तर त्याला दोन गुंतलेली शरीरं दिसतात; उंबरठ्यावर रोज रांगोळीचं स्वस्तिक काढणाऱ्या घरातला वाचक इथे खुदकन हसणारच. कम्युनिस्ट पक्ष आणि आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटना, दोघांनीही १९३३-३४ मध्ये त्याला बाहेरचा रस्ता दाखवला, यात हे पुस्तक वाचून नवल वाटत नाही. आणखी एक खोच: १९४६ च्या इंग्रजी आवृत्तीत त्याने स्वतःच जुने मार्क्सवादी शब्द बदलले. त्यामुळे १९३३ चा राइश शोधायला जाल तर अर्धा १९४६ चा सापडेल.

‘फंक्शन ऑफ द ऑर्गॅझम’चं काय, असं कुणी विचारेलच. या नावाची त्याची दोन वेगळी पुस्तकं आहेत. १९२७ चं जर्मन शास्त्रीय, आणि १९४२ चं आत्मकथनाकडे झुकणारं. दुकानात बहुधा दुसरं मिळतं. सुरुवात त्याने करू नका.