तलावकाठचे प्रादेशिक उद्यान : पहिल्या टप्प्याची पाहणी

या उद्यानाचा पहिला टप्पा खुला झाल्यापासून मी तेथे एकदा भर पावसाळ्यात आणि दोनदा पाणी ओसरल्यावर जाऊन आलो, कारण तलावाच्या काठावरील कामाची खरी परीक्षा पाणी चढल्यावर आणि उतरल्यावरच होते.

काठाचे काम या परीक्षेत उतरले आहे. अनेक ठिकाणी काठाला सरळ उभी भिंत बांधतात. लाटा तिच्यावर आपटून परततात आणि पायथ्याची माती उकरून नेतात. येथे मात्र उतार पसरट ठेवला असून, लाटांचा थेट मारा बसतो त्या वळणावर तेवढे दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगडांचे अस्तर, केले आहे आणि बाकी काठावर पाणकणीस व लव्हाळे लावले आहेत. पायवाट पूररेषेच्या वर, पाण्यापासून वीसेक मीटर आत घेतली आहे. मधल्या पट्ट्यातील गवत-झुडपे पावसाबरोबर वाहून येणारा गाळ आणि त्यातला फॉस्फरस बराचसा अडवतात. हा फॉस्फरस तलावात साचत गेला की पाण्यावर हिरवे शेवाळ माजते.

तरंगत्या धक्क्याबाबत मात्र हिशेब चुकला आहे. धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो आणि काठाला बिजागरीवरच्या लहान पुलाने जोडलेला आहे. पावसाळ्यात हा पूल अगदी सपाट होता. पुढच्या खेपेस पाणी मीटरभर उतरले होते आणि जेमतेम सहा मीटरच्या त्या पुलाचा उतार १:६ वर गेला होता. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ पेक्षा तीव्र उतार धरत नाहीत, म्हणजे पूल किमान बारा मीटरचा हवा होता. पाणपातळीच्या जुन्या नोंदी उघडून पाहिल्या असत्या तर हे कागदावरच लक्षात आले असते.

पुढच्या टप्प्यांसाठीचे पाइप आणि वीजवाहिन्यांच्या नळ्या आताच पुरून, टोके बंद करून ठेवल्या आहेत. नवी फरशी पुन्हा फोडावी लागणार नाही, याचे श्रेय आराखडा करणाऱ्यांना दिलेच पाहिजे. (वाहनतळ आणि स्वच्छतागृहे पुरेशी आहेत.) पण दुसऱ्या टप्प्याच्या कामाचे डंपर मुख्य प्रवेशद्वारातूनच ये-जा करतात, आणि पायवाट पत्र्याच्या कुंपणाशी अचानक संपत असल्याने आल्या वाटेनेच परतावे लागते. टप्पा लहान असला तरी तेवढ्यापुरता तो पुरा असावा. वाट वळवून प्रवेशद्वाराशी आणणे काही अवघड नव्हते.

माझी मुख्य तक्रार झाडांविषयी आहे. फलकावरील आराखड्यानुसार सावलीच्या झाडांची लागवड तिसऱ्या टप्प्यात आहे, तर कारंजे आणि हिरवळ पहिल्यात उरकली आहे. कारंजे काही महिन्यांत उभे राहते. रोपाची सावली बाकावर पडायला सात-आठ वर्षे जातात. ज्याला सर्वाधिक काळ लागतो ते सर्वांत आधी हाती घ्यायचे, हा टप्प्यांच्या नियोजनाचा पहिला पाठ येथे उद्घाटनाच्या छायाचित्रासाठी मोडलेला दिसतो. त्यातून त्या हिरवळीला खत घालावे लागणार आणि तिचा उतार तलावाकडेच आहे, म्हणजे खतातला फॉस्फरसही तिकडेच वाहणार.

सध्या जायचे असेल तर सकाळी नऊच्या आत जावे; त्यानंतर बाकावर टेकवत नाही.