कुत्र्याच्या क्रेटमधल्या (पिंजऱ्यातल्या) शूच्या वासावर एन्झाइम स्प्रे, घ्यावा का?

आमची लॅब्राडोर सात वर्षांची, घरात कधी घाण न करणारी, अचानक क्रेटमध्येच शू करायला लागली आणि वर त्यातच बसून राहायची बिचारी. आई म्हणाली लाडावलीये. व्हेटकडे नेऊन युरिन टेस्ट केली तर इन्फेक्शन निघालं, म्हणून कुठलाही स्प्रे मागवायच्या आधी ते बघा, डायबेटिसने किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांनीपण असं होतं आणि तिथे ओरडून काही उपयोग नाही.

आता स्प्रेबद्दल. फिनाइलने आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो पण कुत्र्याच्या नाकाला कळतोच, मग परत तिथेच. हा एन्झाइमवाला लघवीतले वास आणणारे घटकच तोडतो, फक्त मारून लगेच पुसायचं नाही, ओलं राहू द्यायचं, ट्रेच्या कडेच्या खाचेत आणि खालच्या तारांवर जिथे पिवळा थर बसतो तिथे तर जास्तच. गादीचं कव्हर मात्र त्यात भिजवूनच ठेवावं लागलं.

लिंबाचा सेंट डोक्यात जातो, बिनवासाचा मिळाला तर तो घ्या. महाग आहे, पण वास खरंच गेला. एक स्टार कापला तो गळक्या नोझलसाठी, अर्धी बाटली हातावरच सांडते.