स्ट्रीटकम्प्लीट: बसची वाट बघता बघता नकाशा सुधारताना

पुण्यात रोज बसनं जाते-येते. पावसाळ्याआधी फोनवर स्ट्रीटकम्प्लीट घेतलं, ते अजून रोज उघडतेय. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनीच रचत आणलेला नकाशा. त्यात जागेवरून भर घालायचं हे अँड्रॉइड ॲप.

स्टॉपवर उभं असलं की ते साधे प्रश्न विचारतं. नाव काय? शेड आहे का? बसायला बाकडं? रात्री उजेड? उत्तर दिलं की नोंद झाली, टॅग (नकाशातल्या नोंदींचे ठरलेले संकेतशब्द) माहीत असावे लागत नाहीत. नेट नसेल तर उत्तरं फोनमध्ये थांबतात, नंतर चढतात. स्टॉपचं नाव देवनागरीत वेगळं लिहिता येतं, आणि माझ्या लेखी हेच सगळ्यात मोलाचं. पाटी मराठीत आणि नकाशातलं नाव रोमन लिपीत असेल, तर आमच्या आईसारख्या माणसाला नकाशाचा काय उपयोग?

खरी काळजी घ्यावी लागते ती जागेची. नकाशातली स्टॉपची खूण रस्त्याच्या मध्यरेषेवर नको, प्रवासी उभे राहतात तिथे हवी. जायचा आणि यायचा स्टॉप एकाच नावाचा असला तरी खुणा दोन. सातारा रस्त्यावर बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेवरचे, स्टॉप रस्त्याच्या मधोमध आहेत. तिथली खूण फुटपाथवर पडली, तर म्हातारं माणूस भलतीकडेच बसची वाट बघत बसेल.

रस्त्याचं काम निघालं की स्टॉप पुढेमागे होतो. अशा वेळी जुनी खूण पुसून नवी टाकू नका, तीच सरकवा. बसमार्गाची नोंद त्या खुणांनाच जोडलेली असते, खूण पुसली की मार्गातला तो स्टॉप गळतो. खात्री नसेल तर फोटोसह टिपण ठेवा, दुसरं कुणीतरी बघून जातं. गूगल मॅप्समधून नावं उतरवायची नाहीत, परवान्यात ते बसत नाही. पाटी वाचा, नाहीतर कंडक्टरला विचारा.

बसमार्ग आखणं हे या ॲपचं काम नाही. प्रत्येक दिशेचा मार्ग वेगळा, त्यातले स्टॉप क्रमानं. त्यासाठी मी रविवारी संगणकावर जेओएसएम हा ओपनस्ट्रीटमॅप संपादनाचा प्रोग्राम उघडते. शिकायला वेळ लागतो, पण घाई नको.

केलेले बदल ऑरगॅनिक मॅप्समध्ये (याच नकाशावर चालणारं ॲप) लगेच दिसत नाहीत, नकाशाची पुढची आवृत्ती यावी लागते. आयफोनवाल्यांनी एव्हरी डोअर हे असंच नकाशात भर घालायचं ॲप घ्यावं, नवा स्टॉप टाकायलाही ते चांगलं.