साक्षगंध फेब्रुवारीत, लग्न मे महिन्यात : बुके कोणत्या फुलांचा?

मागच्या आठवड्यात आपल्या नागपुरातल्याच मानेवाड्याहून मायलेकी आल्या होत्या. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, लग्न वैशाखात. तिने मोबाइलवर फोटो दाखवला, फिक्या गुलाबी पिओनींचा, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या विलायती फुलांचा, गुबगुबीत बुके. "दोन्ही वेळेला सेम हाच पाहिजे ताई." आईने हळूच विचारलं, "हे फूल आपल्या बर्डीत भेटते का जी?"

नाही भेटत, आपल्या सीताबर्डीच्या बाजारात नाहीच. पिओनीच्या झाडाला खरी, लांबलचक थंडी लागते. आपल्या डिसेंबरातले चार गारठ्याचे दिवस तिला पुरत नाहीत. परदेशातून विमानाने मागवता येते, पण त्या पैशात हॉलचं गेट सजवून होतं. आणि मे महिन्यात लॉनवर ती किती वेळ तग धरेल, ते सांगायला नको.

मी घरूनच बुके बांधते. कुणी आलं की रंगाचं नंतर विचारते, आधी तीन गोष्टी : महिना कोणता, कार्यक्रम किती वाजता, आणि बुके हातात किती वेळ राहणार. हा तिसरा प्रश्न ऐकून लोक चमकतात. पण आपल्याकडच्या लग्नात मुहूर्ताला नवरीच्या हातात हार असतो, बुके निघतो तो संध्याकाळी रिसेप्शनच्या एन्ट्रीला आणि फोटोंना. साक्षगंधात तर अंगठी घालायची म्हणून तो लगेच मावशीच्या हातात जातो. सदरच्या चर्चमध्ये लग्न असेल तर मात्र नवरी गाडीतून उतरल्यापासून बुके धरून असते, आणि पाहुण्यांना भेटेपर्यंत तो सुटत नाही. अर्ध्या तासाचं फूल वेगळं आणि चार तासांचं वेगळं.

फेब्रुवारी : डच गुलाब की शेवंती

हिवाळ्यात नागपूरकर नवरीची चंगळ असते. गुलाब, शेवंती, ॲस्टर, ग्लॅडिओलस, कार्नेशन सगळं चांगल्या प्रतीचं मिळतं आणि सकाळी बांधलेला बुके रात्रीपर्यंत मान टाकत नाही. अडचण एकच, 14 तारीख. व्हॅलेंटाइन डेच्या आधीचा आठवडा म्हणजे डच गुलाबाचा भाव चढलेला. हे गुलाब आपल्याकडे मुख्यतः पुण्याजवळच्या तळेगाव-मावळातल्या पॉलीहाउसमधून येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथला उत्तम लांब दांड्याचा लाल माल परदेशी जातो. आपल्या वाट्याला येतो तो उरलेला, तोही दामदुप्पट. हातात धरायच्या गोल बुकेला 18 ते 20 गुलाब लागतात, म्हणजे एक पूर्ण बंच. दोन-चार खराब निघणारच म्हणून मी दुसराही घेऊन ठेवते.

गुलाब घ्यायचाच असेल तर कळी तळाशी, देठाच्या लगेच वर, दोन बोटांनी दाबून बघा. टणक लागली तर ताजी. स्पंजासारखी दबली तर ती पुठ्ठ्यात बांधून बरेच दिवस झाले. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या काळपट, जाड असतात. त्या बघून बंच नाकारू नका, कळीचं रक्षण करायलाच त्या असतात, बांधताना काढून टाकायच्या. रात्रभर कोरडा प्रवास करून आलेला गुलाब तहानलेला असतो. देठ पाण्यात बुडवूनच तिरके कापायचे आणि चार-पाच तास खोल बादलीत उभे ठेवायचे. हे टाळलं की देठात हवा अडकते, पाणी वर चढत नाही आणि ऐन फोटोच्या वेळी कळी मान खाली घालते. गावठी गुलाब वासाला कितीही गोड असला तरी बुकेत नको, हात लागला की पाकळ्या सांडतात.

आता शेवंती. नाव काढलं की नाक मुरडतात, "ते तर पूजेचं फूल." मला हा आक्षेप कधी पटला नाही. शेवंतीला लांब रात्री लागतात, म्हणून ती आपल्याकडे दिवाळीच्या मागेपुढे बहरते आणि फेब्रुवारीपर्यंत बाजारात असते. हाताळणी सोसते, पाण्याशिवाय कित्येक तास टवटवीत राहते, पाकळ्या गाळत नाही. आधी पिवळी पडतात ती तिची पानं. ती खुडून टाका, की फूल पुढे कितीतरी दिवस तसंच. बटन शेवंती, तीही पांढरी आणि फिकट हिरवी एकत्र, घट्ट गोल बांधून तिच्यामध्ये पाच-सहा पीच गुलाब खोचले तर कोणी "पूजेचं" म्हणत नाही, उलट हे कोणतं फूल म्हणून विचारतात. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, तेव्हा तर पांढरी शेवंती आणि निशिगंधापलीकडे मला काही सुचतच नाही.

पैसे जवळपास सारखे असते तर मी गुलाब म्हणाले असते. 14 फेब्रुवारीच्या आसपास मात्र माझं मत शेवंतीला. त्या मायलेकींनाही हेच सांगितलं.

ॲस्टर स्वस्त आणि रंगीत, जांभळा तर फार देखणा. भरीला चांगला, एकट्याचा बुके जरा शाळेच्या गॅदरिंगसारखा दिसतो. ग्लॅडिओलस नवरीच्या हातात देऊच नये. लांब दांडी, आणि आडवी ठेवली की टोक वरच्या दिशेने वळतं. गाडीच्या मागच्या सीटवर दोन तासांत बुके वाकडा होतो. तो स्टेजच्या बाजूच्या फ्लॉवरपॉटचा.

मे : ऑर्किड की कार्नेशन

पारा 45 च्या पुढे गेला की नियम बदलतात. लॉनवर संध्याकाळी सातलाही जमीन तापलेली असते. जर्बेरा स्वस्त आणि ठसठशीत दिसतो म्हणून लोक मागतात; त्याची दांडी पोकळ आणि फूल जड, उन्हाळ्यात आधी मानच मोडते. प्रत्येक दांडीला तार लावता येते, पण मग बुके वजनदार होतो. माझा सरळ नकार.

राहिले दोन दावेदार. डेंड्रोबियम ऑर्किड, बाजारात दिसतं ते बहुधा थायलंडकडचं, प्रत्येक दांडीच्या टोकाला पाण्याची इवली प्लॅस्टिक नळी घेऊन येतं. उष्ण, दमट हवेतलं फूल असल्यामुळे उकाड्याला घाबरत नाही. पाकळी जाड, मेणासारखी. त्याला सोसत नाही ती थंडी. घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलंत तर पाकळ्यांवर काळपट पाणीदार डाग पडतात. कुलरच्या खोलीत, नळ्या पाण्याने भरून, बस. कार्नेशन याच्या नेमकं उलट : थंड ठेवा, आठवडाभर टिकेल. झालरीसारख्या पाकळ्यांमुळे तीन-चार फुलं एकत्र बांधली की त्या पिओनीच्या फोटोच्या सगळ्यात जवळ तेच जातं, आणि गुलाबी छटा हवी तशी मिळते.

पण कार्नेशनची एक खोड मी मोठी किंमत देऊन शिकले. एका मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी दोन बंच घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. खालच्या कप्प्यात आंब्याची पाटी होती, अर्धी पिकलेली. सकाळी बघते तर सगळ्या फुलांच्या पाकळ्या आत मिटून बसलेल्या, जणू झोपली आहेत. पाणी दिलं, देठ कापले, एकही जागं झालं नाही. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन त्याला फार हळवं. आंबा, केळी, सफरचंद शेजारी नकोच. आपली संत्री या बाबतीत निरुपद्रवी आहेत, ती हा वायू फारसा सोडत नाहीत. पण मे महिन्यात नागपुरातल्या कोणत्या फ्रिजमध्ये आंबा नसतो, सांगा. भाचीला शेवटी अकरा वाजता बर्डीवर धावत जाऊन जांभळी ऑर्किडं आणली. तिच्या मोरपंखी शालूवर ती जास्त खुलली, हे तिचं म्हणणं. मला अजून ते झोपलेले दोन बंच आठवतात.

म्हणून घरी वेगळा, फळांविना फ्रिज असेल किंवा बुके थेट दुकानाच्या कोल्ड रूममधून येणार असेल तर कार्नेशन. तसं नसेल तर ऑर्किड. थोडं महाग पडतं, पण बंचमधल्या दहा दांड्यांत बुके होतो, कारण एकेका दांडीवर फुलांची रांगच असते.

आणि मोगरा? मे महिना म्हणजे मोगऱ्याचा, स्वस्त आणि भरपूर. देठच नसल्याने त्याचा बुके होत नाही. प्रत्येक कळी तारेत ओवलेले महागडे प्रकार निघालेत खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते तपकिरी झालेले असतात. मी वेगळं करते. पांढऱ्या ऑर्किडचा बुके बांधायचा आणि मुठीवर, जिथे सगळे रिबन गुंडाळतात तिथे, कळ्यांचा गजरा घट्ट गुंडाळायचा. कळ्या दुपारी मिटलेल्या असतात, रिसेप्शनला उमलतात, आणि वास नवरीच्या हातालाच येतो.

पावसाळ्यात आषाढी एकादशीनंतर मुहूर्त जवळपास थांबतात, एखाद-दुसरं साक्षगंध निघतं. तेव्हा निशिगंध ऐन भरात असतो, एकेरी पाकळीचा घ्या. दुहेरीच्या कळ्या पूर्ण उमलत नाहीत आणि वासही कमी. फक्त बंद एसी हॉलमध्ये तो वास काहींना डोक्यात जातो. कमळ तेव्हा पूर्व विदर्भातल्या तळ्यांतून येतं, आणि पाकळ्या एकेक करून आत दुमडल्या तर पिओनीच्या तोंडात मारेल असं दिसतं, मात्र अर्ध्या तासाच्या कार्यक्रमापुरतंच. महालक्ष्म्यांच्या दिवसांत भाव विचारू नका.

लिलीबद्दल एकच. उमलली की आतले केशरी परागकोश लगेच चिमटीने काढा. पैठणीवर पडलेच तर पाणी लावू नका, डाग बसेल. सेलोटेपने अलगद उचला.

मायलेकींचं असं ठरलं : फेब्रुवारीत पांढरी-हिरवी शेवंती आणि सहा पीच गुलाब, लग्नाच्या रिसेप्शनला पांढरी ऑर्किडं आणि मुठीवर मोगरा. मुलगी थोडी हिरमुसली, मग फोटो काढून कुणाला तरी पाठवला, उत्तर आलं असावं, हसली. आईला मी सांगून ठेवलंय, बुके दुपारी नका नेऊ, संध्याकाळी पाचला या. आणि यायच्या आधी दहा मिनिटं गाडीचा एसी सुरू करा, उन्हात उभ्या गाडीत ऑर्किडसुद्धा शिजतं.