पुढच्या चाकाचं हब: आपलंच बांधावं की उतरलेलं बसवावं?

माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपचं उजवं पुढचं चाक तिच्या मूळ हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या तुंब्यावर, फिरतं. आत बेअरिंग आणि सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी) तेवढे नवे घातलेत. डावं चाक मात्र दुसऱ्या जीपवरून उतरलेल्या, स्पिंडलसकट आणलेल्या हबवर आहे; स्पिंडल म्हणजे हब ज्याच्याभोवती फिरतं तो स्थिर दांडा. दोन्ही कामं दिवाळीच्या आधी एकाच आठवड्यात झाली. त्याला आता दोन उन्हाळे होऊन गेले. ज्यांच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज यायला लागलाय आणि काय करावं ठरत नाही, त्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

बेअरिंग खराब व्हायचं कारण काटोलकडच्या संत्राबागेच्या वाटेवरचा नाला. नागपूरहून साठेक किलोमीटर धावून तापलेलं हब थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढते. पावसाळ्यात काळ्या मातीत फोर-बाय-फोरशिवाय बाग गाठता येत नाही, म्हणजे नाला टाळताही येत नाही. हब उघडलं तेव्हा ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं होतं आणि रोलरवर गंजाचे ठिपके.

वाडीतल्या मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं. “भाऊ, बनवत नका बसू. उतरलेलं हब मिळते, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा.” डाव्या बाजूला मी ते ऐकलं, कारण तिथं दुसरा मार्गच नव्हता. कुणीतरी पूर्वी बॉक्स पाना न वापरता छिन्नी-हातोडीनं नट फिरवलेला, आणि स्पिंडलचे आटे पार गेलेले. उतरलेल्या हबच्या बाजूनं हे मान्यच करायला हवं की पहिल्या दिवशी ते स्वस्त पडतं, काम अर्ध्या दिवसात उरकतं आणि चाकाच्या स्टडपासून नटापर्यंत सगळं एकदम मिळतं.

उजव्या बाजूला दोन दिवस गेले. जुने बेअरिंग हातात घेऊन दुकानात गेलो, कारण “जीपचा बेअरिंग द्या” म्हटलं की समोर येईल तो घ्यावा लागतो. कोन (रोलरसकट आतली कडी) आणि कप (हबमध्ये बसणारी बाहेरची कडी) दोन्हींवरचे नंबर जुळवून घेतलेले बरे. हबमधल्या दोन बेअरिंगपैकी एक जमशेदपूरचा टिमकेन मिळाला, दुसरा जयपूरचा एनबीसी. चालवताना मला तरी फरक जाणवलेला नाही. जुन्या कपात नवा कोन घालून पैसे वाचवायचा मोह होतो, तो मात्र आवरावा. कप आणि कोन जोडीनंच बदलायचे. नवा कप बसवताना जुनाच कप वर ठेवून ठोकत गेलो. आधी आवाज पोकळ येतो, आणि कप तळाला टेकला की तो एकदम भरीव होतो. तिथं थांबायचं. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायचं, रोलरच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत. दोन्ही बेअरिंग असे भरायला मला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास मी कुणाच्या हाती देणार नाही.

नट घट्ट करताना चाक फिरवत राहायचं. ते अडायला लागलं की साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचं, मग लॉक वॉशरची पाकळी वाकवून दुसरा नट. मिस्त्रींना नट कसलेलाच आवडतो. “सैल राहिला तर चाक निघून जाईल,” म्हणतात. पण टेपर (निमुळत्या रोलरचा) बेअरिंग जास्त कसला तर तापून निळा पडतो, आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात त्याला फार वेळ लागत नाही.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मत पक्कं झालं, ती सांगतो. डाव्या चाकातून ग्रीस गळतं. हब बसवल्यावर महिन्याभरात ब्रेक दाबला की जीप उजवीकडे ओढायला लागली. ड्रम काढला तर डाव्या ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ग्रीसनं चकाकत होते. लायनर एकदा असे प्यायले की पेट्रोलनं कितीही पुसा, तापल्यावर ग्रीस पुन्हा सुटतं. ते बदलावेच लागले. सील बदलला. पुन्हा गळती. दुसरा सील बदलताना स्पिंडलवरून अंगठ्याचं नख फिरवून पाहिलं, तर सीलचा ओठ जिथं टेकतो तिथं नख अडकलं. वर्षानुवर्षं तिथंच सील घासून बारीक खाच पडली होती. तिसरा सील मुद्दाम किंचित कमी आत ठोकला, म्हणजे त्याचा ओठ खाचेबाहेर कोऱ्या जागेवर फिरावा. ती युक्ती चार महिने टिकली. लेथवर वेल्डिंग भरून स्पिंडल पुन्हा घासून देतात, पण ज्या भागावर चाकाचा सगळा भार असतो त्याला असं करून घ्यायला माझं मन झालं नाही.

उजव्या स्पिंडलवर नख कुठंच अडकत नव्हतं. तो सील पहिल्या दिवसाचाच आहे, नाल्याचे दोन पावसाळे पाहिलेला. बागेत पोचलो की मी दोन्ही हबवर तळहात ठेवून पाहतो. उजव्यावर हात निवांत राहतो, डाव्यावरून लवकर उचलावा लागतो. हे काही मोजमाप नव्हे.

कुठलाही निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी मात्र बघा. जॅक लावून चाक वर-खाली हलवताना सैलपणा वाटला, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावरही हलत असेल तर दोष किंगपिनचा (स्टिअरिंग फिरवल्यावर चाक जिच्यावर वळतं त्या खिळीचा) आहे, हब उघडून काही हाती लागणार नाही. आणि ड्रममधलं तेल पातळ असून त्याला गियर ऑइलचा उग्र गंधकी वास येत असेल, तर ते अॅक्सलच्या नळीतल्या सीलवरून आलेलं असतं. मग हब जुनं असो की नवं, गळणारच.

स्पिंडलचे आटे गेले असतील किंवा हबमध्ये कप सैल फिरत असेल, तर उतरलेलं हब घेण्यावाचून गत्यंतर नसतं, हे मी नाकारत नाही. घेताना दुकानातच सील काढायला लावा आणि स्पिंडलवर नख फिरवून बघा. कपाच्या मागे पंचाचे टिंब दिसले तर ते हब तिथंच ठेवा. सैल कप आवळून धरायला ते मारलेले असतात. पण तुमचा स्पिंडल धड असेल, तर माझा कौल तुमच्याच हबला. गाडी दोन दिवस उभी राहील, राहू द्या.

डाव्या बाजूसाठी मी आता कोरा स्पिंडल आणून ठेवलाय. मृग लागायच्या आत ती बाजू उघडायची आहे.