मानिसेसची जुनी लस्टर ताटली: नऊ महिने घरात ठेवल्यावर

जानेवारीत स्पेनमधल्या वलेन्सिया शहरातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून साडेतीनशे युरोंना ही लस्टरची, म्हणजे धातूसारखी झळाळणाऱ्या नक्षीची, मातीची ताटली घेतली. शेजारच्या मानिसेस गावची, सतराव्या शतकाच्या अखेरची, वीतभर रुंद. मधोमध शेपूट पसरलेला पक्षी आहे. इकडचे लोक त्याला 'पार्दालोत' म्हणतात, म्हणजे थोराड पाखरू.

पक्षी तांबूस आहे खरा, पण कसा तांबूस ते एका शब्दात सांगता येत नाही. समोरून पाहावं तर विटेसारखा मंद. ताटली थोडी कलती केली की तोच पक्षी चिंचेनं घासलेल्या घंगाळासारखा लखलखतो. आणखी कलवली की पंखांच्या कडेला जांभळी झाक उतरते, मोरकंठी साडीच्या पदरात उतरते तशी. फोटोत यातलं काहीच येत नाही, म्हणून फोटो पाहून लस्टर कधीही घेऊ नका.

ही किमया धुराची आहे. भांड्यावर आधी शिसं आणि कथील घातलेली पांढरी झिलई चढवून भाजतात. कथील म्हणजे आपल्या कल्हईतलंच. मग चांदी-तांब्याची संयुगं, गेरू आणि व्हिनेगर यांच्या लेपानं नक्षी काढायची आणि शेवटची भट्टी कमी आचेवर, हवा कोंडून, धुरात लावायची. प्राणवायू कमी पडला की धातू अतिसूक्ष्म कणांच्या रूपात झिलईत मुरतो. भांडी बाहेर येतात ती काळवंडलेली. वरचा जळका गेरू पुसला की खालून झळाळी दिसते. आच किंवा धूर जरा चुकला की अख्खी भट्टी वाया. एवढी जोखीम घेऊन कुणीतरी हे पाखरू काढलं, हे मला रोज जाणवतं.

हे कसब दक्षिण स्पेनमधल्या मालागाच्या मुस्लिम कारागिरांकडून चौदाव्या शतकात मानिसेसला आलं. जुन्या कागदांत इथल्या मालालाही 'मालागाचं काम' म्हटलेलं सापडतं. पंधराव्या शतकातल्या ताटांचं सोनं फिकं, मधासारखं असतं. वलेन्सियाच्या गोन्साल्येस मार्ती संग्रहालयात ती पाहताना पाय निघत नाही. काही मोठ्या ताटांच्या पाठीवरही नक्षी असते, म्हणून जाणकार आधी ताट उलटं करतात. १६०९ मध्ये मोरिस्कोंच्या, म्हणजे ख्रिस्ती व्हायला लावलेल्या मुसलमानांच्या, हद्दपारीचा हुकूम निघाला. काम थांबलं नाही, पण पुढे रंग अधिकाधिक तांबडा होत गेला. माझं पाखरू त्या काळातलं.

संग्राहकांचं वेड एकोणिसाव्या शतकात वाढलं. दाव्हिलिए या फ्रेंच संग्राहकानं १८६१ मध्ये या भांड्यांवर पुस्तकच लिहिलं, स्पॅनिश चित्रकार फॉर्तुनी ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातल्या घाटाच्या रांजणामागे लागला, आणि इंग्लंडच्या गॉडमन यांनी जमवलेला ठेवा १९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाला. मागणी वाढली तशा नकलाही झाल्या. फ्लॉरेन्सच्या कांतागाल्ली या कारखान्याच्या प्रतींवर निदान कोंबड्याची खूण असते, बाकीच्यांचं काय?

आता तक्रार. दुकानदारानं 'कुठेही दुरुस्ती नाही' असं सांगितलं होतं. तिसऱ्या महिन्यात अतिनील टॉर्च आणला, अंधारात फिरवला, तर काठावर अंगठ्याएवढा डाग वेगळाच उजळला. तिथे टवका उडाला होता आणि तो भरून वर रंग दिला होता. हात लावला तर बाकीची झिलई बोटाला गार लागते, हा तुकडा नाही. विचारल्यावर त्यानं थोडे पैसे परत केले, पण मन खट्टू झालं ते झालंच. घेण्याआधी टॉर्च मारा, टिचकी वाजवा. बद्द आवाज आला तर तडा आहे समजा. पक्ष्याच्या अंगावर तिकाटण्याचे, म्हणजे भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे ठेवतात त्या तिवईचे, तीन बारीक व्रण आहेत. तो दोष नव्हे, ते पाहून मला उलट बरं वाटलं.

हिच्यात जेवायचं नाही, कारण झिलईत शिसं आहे. आंबट तर लागूच देत नाही. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटकते. स्प्रिंगच्या तारेत टांगली होती, पण तार काठाला दाबते असं दिसल्यावर लाकडी घडवंचीवर ठेवली.

२८ एप्रिल २०२५ ला जवळजवळ स्पेनभर वीज गेली. आमच्याकडे अंधार पडला तरी आली नव्हती. जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती लावली आणि सहज मान वळवली, तर घडवंचीवरचं पाखरू पेटल्यासारखं दिसत होतं. ज्योत हलली की शेपूट हलायची. ही ताटली घडली तेव्हा घराघरांत रात्री असाच उजेड असायचा. वीज आल्यावरही आम्ही बराच वेळ दिवा लावला नाही.