लंडन ते पॅरिस: विमान की रेल्वे?

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ हे हवाई अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. विमानाला सव्वा तास लागतो; पण आधी दोन तास विमानतळावर, आणि उतरल्यावर शहरात जायला लोकलचा अर्धा-पाऊण तास वेगळाच.

युरोस्टार ही रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून सुटते आणि सव्वादोन तासांत थेट गार द्यु नोर स्टेशनला, म्हणजे पॅरिस शहरातच. फ्रान्सची पासपोर्ट-तपासणीही लंडनलाच होते. समुद्राखालच्या बोगद्यात वीसेक मिनिटं खिडकीत फक्त आपलाच चेहरा दिसतो, मग एकदम फ्रान्सची शेतं! बाटलीभर पाणीही खुशाल न्या. मी तरी रेल्वेच धरेन. हीथ्रोला उतरून तिथूनच पुढे पॅरिसला जायचं असेल, तर मात्र विमानच सोयीचं.